दुसऱ्याच्या आवाजातला बाप

यंदा चेस्टनट लवकर पडायला लागले. आमच्या घरामागच्या उतारावर चार झाडं आहेत. काटेरी हिरवी बोंडं जमिनीवर आपटून उकलतात आणि आतली, तेल चोपडल्यासारखी तपकिरी फळं घरंगळत वाटेपर्यंत येतात. बेकरीत कांद्याचा केक दिसू लागतो. बाजारात नवी वाइन येते. ती अजून आंबतच असते म्हणून बाटलीचं झाकण घट्ट लावत नाहीत. हे ठाऊक असूनही दरवर्षी एकदा तरी मी ती पिशवीत आडवी ठेवते आणि अख्खी पिशवी चिकट करून घेते. सकाळी साडेआठपर्यंत धुकं असतं. विद्यापीठाकडे जाणारी बस त्यातून दिवे लावून येते. जर्मनीतल्या आमच्या या कायझर्सलाउटर्नमध्ये सगळ्यांना हा ऋतू आवडतो. मलाही आवडायचा.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हॅरल्ड राहायला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, किंचित वाकलेला अमेरिकन माणूस. आमच्या गावात अमेरिकन माणसांचं कुणाला नवल नाही. त्यांचा लष्करी तळ आहे, अर्ध्या दुकानांत इंग्रजी चालतं. पण ते सगळे येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि जातात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन सुटकेसी घेऊन कायमचं राहायला कुणी येत नाही.

पहिली भेट कचऱ्यावरून झाली. हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाचं, पत्र हातात घेऊन ते आमच्या दारात उभे होते.

"माझ्यावर आरोप काय आहे तेवढं सांगाल का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी वाचून सांगितलं, दह्याचे डबे कागदाच्या पेटीत टाकलेत. ते ताठ झाले. अंगावर नसलेला झगा त्यांनी खांद्यावर सारखा केला आणि म्हणाले, "आरोपी दोषी आहे." मोठ्यानं बोलले नव्हते, तरी त्या आवाजानं जिना वरपर्यंत भरून गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघितलं.

"अकरा वेळा न्यायाधीश झालोय मी टीव्हीवर," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी जेमतेम दोन वाक्यं."

मग ते संध्याकाळी चहाला येऊ लागले. मी इथल्या एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर तपासते. माझा नवरा मिलिंद झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात, तो शुक्रवारी घरी येणार. घरात मी आणि चौदा वर्षांची ईरा. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. 'ईरा, जेवायला चल' म्हटलं की आतून 'कोमे ग्लाइश' येतं, म्हणजे येतेच. हॅरल्डना हे फार गमतीचं वाटायचं. "तुम्ही दोघी दोन वेगवेगळ्या नाटकांतले संवाद म्हणताय," ते म्हणायचे, "आणि तरी प्रवेश पुढे सरकतोय."

आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलावर बसून त्यांनी पन्नास वर्षांचं नटपण मला तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये एका मोठ्या नटाच्या जागी, तो आजारी पडला तर उभं राहायचं म्हणून, तीन वर्षं रोज संध्याकाळी तोंड रंगवून विंगेत बसले. त्या तीन वर्षांत तो नट दोनदाच आजारी पडला. एका छोट्या गावातलं थिएटर गळकं होतं, तिथे राजाचं काम करताना डोक्यावर मुकुट आणि पायाशी बादली. टीव्हीवर चार वेळा प्रेत. "प्रेताचं काम कठीण. डोळ्यांवर दिवा असतो, आणि पापणी हलवायची नाही." आणि मग, चाळिशी जवळ आल्यावर, रोज दुपारी लागणाऱ्या एका मालिकेत डॉक्टरचं काम मिळालं. बायको वारलेला, एका मुलीचा बाप असलेला डॉक्टर. बारा वर्षं चाललं ते. बाजारात बायका थांबवून आपल्या गुडघ्यांची दुखणी सांगायच्या. मग एका सोमवारी नवीन भागाची पानं हातात आली, तेव्हा त्यांना कळलं की शुक्रवारी डॉक्टर अपघातात मरतोय. आधी कुणी सांगितलंही नव्हतं.

हे सांगताना ते हसायचे. मीही हसायचे.

नागपूरला माझे बाबा आहेत. तरुणपणी ते जलशात गायचे. बाबासाहेबांवरची गाणी, मध्ये सवाल-जवाब, वस्तीतल्या चौकात बाज टाकून केलेलं स्टेज. एका रविवारी फोनवर मी दोघांची गाठ घालून दिली. बाबांनी 'जय भीम' केलं, हॅरल्डनी हात जोडले. बाबांचं पहिलं वाक्य, "त्यांना विचार, माइक बंद पडला तर काय करतात." मी भाषांतर केलं. हॅरल्डनी काही न बोलता पोटावर हात ठेवला आणि लांब श्वास घेतला. बाबा तिकडे खुर्चीतून उठलेच. "बरोब्बर! पोटातून! खरा आहे हा माणूस!" त्यानंतर दर फोनला बाबा आधी त्यांची चौकशी करायचे, मग माझी.

ते इथे का आले, हे मात्र त्यांनी बरेच दिवस सांगितलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर मी चेस्टनट भाजत होते. साल नीट चिरली नाही तर फळ ओव्हनमध्ये फुटतं, तसं एक फुटलं. ते दचकले आणि म्हणाले, "माझी मुलगी या आवाजाला घाबरायची."

मुलगी आहे, हे मला तेव्हा कळलं.

पंचविशी-तिशीत ते सैनिक म्हणून इथल्या तळावर होते. उटे नावाच्या इथल्याच मुलीशी लग्न झालं, कारिन झाली. सैन्यातून सुटल्यावर नाटकात काम करायचं म्हणून न्यूयॉर्कला गेले. सहा महिन्यांत बस्तान बसवून दोघींना बोलावतो म्हणाले होते. कारिन तेव्हा चार वर्षांची. मग एक नाटक मिळालं, मग दुसरं. उटेनं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग वकिलाचं पत्र पाठवलं. मधल्या काळात ते दोनदा आले, कारिन नऊ वर्षांची असताना आणि सोळा वर्षांची असताना. उटे वारली ते त्यांना सहा महिन्यांनी समजलं. कारिन इथेच होती, गावात, बसनं वीस मिनिटांवर. चष्म्याच्या दुकानात काम करत होती.

"भेटलात?" मी विचारलं.

"दुकानात गेलो होतो. तिनं ओळखलं. म्हणाली, नंबर काढायचा असेल तर वेळ घेऊन या."

त्यांच्या मनात एक गोष्ट होती. आमच्या भागातल्या सभागृहात रविवारी दुपारी लोक काहीबाही वाचतात, गातात. तिथे एक कार्यक्रम करायचा. पाऊण तास इंग्रजीत, नटाच्या गमतीजमती. आणि शेवटचं एक पान जर्मनमध्ये, कारिनसाठी. एकटीला भेटून बोलायला ती तयार नव्हती. पण पन्नास माणसांत येऊन मागे बसता येतं. "समोरासमोर मला कधीच काही धड बोलता आलं नाही," ते म्हणाले. "स्टेजवरून येतं."

ते पान त्यांनी इंग्रजीत लिहिलं, मी त्याचं जर्मन केलं. त्यात माफीबिफी काही नव्हती. निघण्याच्या दिवसाची सकाळ होती. कारिनला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. त्यांनी बांधून दिली आणि सांगितलं, तू स्वतः बांधायला शिकायच्या आत मी परत येतो. मग लिहिलं होतं, तू पाच वर्षांची असताना शिकलीस असं आईनं पत्रातून कळवलं. ते पत्र मी विंगेत बसून वाचलं. त्या रात्री नट आजारी होता. मला स्टेजवर जायचं होतं, आणि मी गेलो.

पाच आठवडे आम्ही ते पान घोटलं. पन्नास वर्षं ज्याला पानंच्या पानं पाठ होत होती, तो माणूस एका पानासाठी माझ्या टेबलाशी शाळकरी पोरासारखा बसायचा. ईरा मध्येच येऊन उच्चार सुधारायची. तिला कुणी तरी शिष्य मिळाला होता.

कारिनला बोलवायला मीच गेले. दुकान बंद झाल्यावर तिनं मला समोरच्या बेकरीत नेलं. माझ्याच वयाची, पन्नाशीला आलेली, करडे केस बारीक कापलेले. वडिलांसारखीच उंच. तिनं जे सांगितलं, ते ऐकून माझी कॉफी तशीच राहिली.

ती डॉक्टरची मालिका जर्मन टीव्हीवरही लागायची. इथे परदेशी मालिका जर्मनमध्ये डब करतात, आणि एका नटाला वर्षानुवर्षं एकच आवाज. कारिन शाळेतून यायची, आई कामावर. ती टीव्ही लावायची, आणि तिचा बाप समोर यायचा. दुसऱ्या मुलीला जवळ घेऊन, सुंदर, शुद्ध जर्मनमध्ये म्हणायचा, मी आहे ना इथे, बाळ.

"रोज म्हणायचा," कारिन म्हणाली. "मला माझ्या बापाचा चेहरा माहीत होता आणि तो आवाज. दोन्ही एकाच माणसाचे नाहीत, हे मला अकराव्या वर्षी कळलं. मी त्या आवाजवाल्याला पत्र लिहिलं, म्युनिकला. त्यानं उत्तर दिलं. नंतर दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं. भला माणूस होता. तो वारला तेव्हा मी गाडीनं म्युनिकला गेले, मागच्या रांगेत उभी राहिले. त्याच्या घरच्यांना कळेना ही कोण रडतेय."

तिनं आपला कप बाजूला सारला.

"मी सोळा वर्षांची असताना हे आले होते. आमच्या बैठकीत टीव्ही चालू होता, त्यावर हेच. आणि सोफ्यावर हेच. सोफ्यावरच्या माणसानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला तो आवाज परका वाटला. मी म्हटलं, जरा गप्प बसा, मला ऐकू येत नाहीये."

निघताना मी कार्यक्रमाचा कागद तिच्या हातात दिला. तिनं घडी करून खिशात ठेवला. "बघते," एवढंच म्हणाली.

हॅरल्डना मी सांगितलं, बघते म्हणालीय. ते तेवढ्यावर पंधरा दिवस जगले. कोट धुवायला टाकला, केस कापून घेतले. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची राखून ठेवायची असं बजावलं. उठून जायचं झालं तर तिला कुणाच्या पायांवरून जावं लागू नये.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी दहा वाजता माझा फोन वाजला. मी लोकांसाठी चिवडा परतत होते.

"फ्राउ मेश्राम? कारिन बोलतेय. मी यावं का? तुम्ही सांगा."

मी गॅस बारीक केला. पाच आठवडे मी त्या माणसाला रोज बघत होते. सभागृहाच्या मधोमध मुलगी उठून चालली आहे आणि स्टेजवर त्यांचं वाक्य अर्धवट तुटलं आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, "शेवटपर्यंत बसणार असाल तरच या. मध्ये उठून गेलात तर ते त्यांना सोसणार नाही."

"आल्झो... बरं, मग नकोच," ती म्हणाली. आणि फोन बंद.

माझं जर्मन ऑफिसात आणि सरकारी खिडक्यांवर शिकलेलं आहे. त्यात नियम चांगले सांगता येतात. तीच कारिन मराठीत माझ्याशी बोलली असती तर मी म्हटलं असतं, अगं ये गं बाई, दारात उभी राहा, पाच मिनिटांनी जा हवं तर, पण ये. हे वाक्य मला जर्मनमध्ये सुचलं नाही. हे मी स्वतःला खूपदा सांगितलंय. पण खरं सांगायचं तर ते तेव्हा मराठीतही सुचलं नव्हतं. मी उलट फोनही केला नाही. चिवडा करपायला लागला होता.

आणि हॅरल्डना मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं.

तीन वाजता चाळीसेक माणसं जमली. निवृत्त अमेरिकन जोडपी, विद्यापीठातली मुलं, आमच्या इमारतीतले दोघं-तिघं. मिलिंद मागे उभा होता, ईरा फोनवर रेकॉर्ड करत होती. मी विंगेच्या कडेला पान घेऊन बसले, अडलं तर सांगायला. हॅरल्ड स्टेजवरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि दाराकडे बघू लागले.

"पाच मिनिटं थांबायचं का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"थांबू या की," मी म्हटलं.

मग आणखी पाच. ती येणार नाही हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

सव्वातीनला त्यांनी सुरुवात केली. न्यायाधीश केला, प्रेत केलं, मुकुट आणि बादली केली. लोक पोट धरून हसले. शेवटी ते उभे राहिले आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी ते जर्मन पान म्हटलं. एकदाही अडले नाहीत. माझ्या हातातल्या कागदाकडे मला बघावंच लागलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "रविवारी बस कमी असतात, नाही का?"

"हो," मी म्हटलं. शब्द अगदी ओठांवर होते. मी वायपर लावले.

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप आला, मग न्यूमोनिया झाला. इस्पितळात दहा दिवस होते. शेवटच्या दोन दिवसांत घशात नळी होती, त्यामुळे बोलणं नाही. शेवटच्या दिवशी इस्पितळानं कारिनला कळवलं. मी पोचले तेव्हा ती त्यांच्या पलंगाशी कोट न काढता बसली होती. दोन तास तशीच बसली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. हॅरल्ड गेल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "गळ्यातच नळी घातली का गं त्याच्या?"

जानेवारीत कारिन घर रिकामं करायला आली. दोन सुटकेसी, तेवढंच. मी खाली गेले आणि सांगितलं की रेकॉर्डिंग आहे. मला वाटलं, नको म्हणेल. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि हात पुढे केला.

शेवटचं पान मी लावून दिलं. पहिल्याच वाक्याला तिनं थांबवलं. परत लावलं. परत थांबवलं.

"हा 'इश' म्हणतोय."

मला शरम वाटली. 'मी' याला जर्मनमध्ये 'इख' म्हणतात, आणि पाच आठवडे डोकं आपटूनही त्यांच्या तोंडून 'इश'च यायचं. मी आणि ईरानं हात टेकले होते. "सुधारायचा खूप प्रयत्न केला मी," मी म्हटलं.

"सुधारायचा?" तिनं माझ्याकडे बघितलं. "आई असंच म्हणायची. आमच्या घरी सगळे असंच म्हणतात, इकडची बोली आहे ती. यांनी जर्मन आईकडून उचललं. पन्नास वर्षं तसंच ठेवलं." मग जरा थांबून म्हणाली, "टीव्हीवरच्या डॉक्टरसारखं आमच्या घरात कुणीच बोलत नव्हतं."

तिनं ते पान शेवटपर्यंत ऐकलं. नाडीच्या वाक्याला तिनं तोंड खिडकीकडे केलं. संपल्यावर मी सांगून टाकलं. तुम्ही फोन केला होता, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

"म्हणजे त्यांना वाटलं, मी फोनसुद्धा केला नाही."

"हो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं सुटकेसी उचलल्या. मी एक धरायला गेले तर म्हणाली, "राहू द्या." दारातून म्हणाली, रेकॉर्डिंग पाठवून द्या, पूर्ण.

मी पाठवलं. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं काही नाही. चष्मा बदलायचा होता तर मी दुसऱ्या दुकानात गेले.

गेल्या रविवारी मी उतारावर चेस्टनट वेचत होते. ईरा आता सतरा वर्षांची आहे, तीही आली होती, एक कान फोनमध्ये. माझा फोन वाजला. कारिनचा मेसेज. नमस्कार नाही, काही नाही. लिहिलं होतं, तुमच्या मुलीनं रेकॉर्डिंग कार्यक्रमाच्या आधीपासून सुरू केलंय. पहिली पंधरा मिनिटं ते नुसते बसून दाराकडे बघतात. नाडीचं पान मी त्या दिवसानंतर लावलेलं नाही. मी रोज संध्याकाळी दुकानातून आले की ती पंधरा मिनिटं लावते. त्यात माझे वडील माझी वाट बघत असतात.

मी वाचलं आणि टोपली खाली ठेवून तिथेच गवतावर बसले.

"वास इस्ट लोस, आई?" ईरानं विचारलं. काय झालं?

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, कानातलं काढलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली. ती काही बोलली नाही, कुठल्याच भाषेत.